कड्यावरचा इंग्रजी शब्द

"म्हणजे वाघ?" बाबांनी विचारलं.

"नाही. वाघाला तसं म्हणत नाहीत."

"मंग साप?"

"सापालाही नाही."

"भूत?"

"बाबा, भुताला तर मुळीच नाही," दिगंबर खताळ हसत म्हणाला.

बाबांनी चुलीत एक काटकी सरकवली. कपारीच्या तोंडाशी सगळं पांढरं होतं. भाद्रपदातलं धुकं हाताच्या अंतरावरची तुळस दिसू देत नव्हतं.

दिगंबर संगमनेरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. नुकताच कायम झाला होता. अवघड इंग्रजी शब्दांचं त्याचं एक पुस्तकही निघालं होतं. पुस्तक निघालेल्या माणसाला कोणी काही विचारलं की फार बरं वाटतं, आणि इथं तर खुद्द कड्यावरचे बाबा विचारत होते.

बाबांचं विचारणं साधं होतं. शहरातली पोरं दोर लावून वर येतात, कपारीत बसून पाणी पितात, कड्यावरून खाली डोकावतात आणि सगळी एकच शब्द बोलतात. डॉन्टिंग. ऐकून ऐकून बाबांना तो पाठ झाला होता. अर्थ मात्र कोणी सांगितला नव्हता.

"असं बघा," दिगंबरने वर्गातला सूर लावला. "डॉन्टिंग म्हणजे दडपण आणणारं. नुसतं बघूनच धीर खचावा, असं. पण ते आपल्या अंगावर धावून येत नाही. ते आपल्या जागी असतं. करायचं असतं ते आपल्याला. मोठी परीक्षा डॉन्टिंग असते. नवी नोकरी असते. उभी चढण असते. डॉन्टिंग टास्क म्हणतात, म्हणजे हात घालायची छाती होत नाही असं काम."

"म्हणजे वाघ आला तर नाय. वाघाच्या जाळीत जायाचं असलं तर."

हे उदाहरण दिगंबरच्या पुस्तकात नव्हतं.

"हो... तसं म्हणता येईल."

"आन् हा शब्द आला कुठून?"

"फार जुना आहे. मुळात त्याचा अर्थ जनावर माणसाळवणं. रानातलं आणायचं, वठणीवर आणायचं, पाळीव करायचं."

बाबांनी चिमट्याने चुलीतला निखारा सारला.

"पाळतं कोण?" त्यांनी विचारलं. "आपण डोंगराला, का डोंगर आपल्याला?"

दिगंबरला हा प्रश्न थोडा भाबडा वाटला. पोरांनी वर्गात असले प्रश्न विचारले की तो घड्याळाकडे बघायचा, तसंच त्याने आताही बघितलं.

तो इथं आला होता आईच्या नवसापायी. लेक नोकरीत कायम झाला की त्याला कड्यावरच्या बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला पाठवीन, असं आई बोलून बसली होती. तिचे गुडघे गेलेले, तिला चढणं शक्य नव्हतं. "माझ्या नशिबात ते पाय न्हाईत," ती म्हणाली होती, "तू तरी जाऊन ये." आणि कड्याच्या पायथ्याशी, सादड्याच्या झाडाखाली पाण्याने भरलेला तांब्या शेजारी ठेवून बसली होती. लेक अंगारा घेऊन खाली येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालणार नव्हती. तिला साखरेचा आजार. दिगंबरने समजावलं, चिडून बघितलं, शेवटी हात जोडले. आई ऐकेल तर ती आई कसली.

तर आई खाली बसली होती, आणि बाबा होते वर. ते कधी खाली उतरत नसत. कितीतरी वर्षं त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. पायथ्याच्या वाडीतले लोक याला त्यांचं व्रत म्हणत आणि वर बघून हात जोडत.

दिगंबरला वर घेऊन आला तो वाडीतला बुधा भांगरे. एक दिवसाआड दूध-पीठ घेऊन यायचा. कड्याच्या अंगात जुन्या काळी खोदलेल्या खोबण्या होत्या, पायाचा चवडा मावेल एवढ्या. त्यांत हातपाय घालत चढायचं. धुक्यात दिगंबरला एक वरची खोबण आणि एक खालची, एवढंच दिसत होतं. तो सरसर चढला आणि मनात म्हणाला, लोक उगाच बाऊ करतात.

तासाभरापूर्वी बुधा परत निघाला होता. "सर, संगं चला. उतरताना खालचा माणूस पाय धरून खोबणीत ठेवतो. इथं तसंच उतरत्यात."

"तुम्ही व्हा पुढे," दिगंबर म्हणाला होता. "चढताना कुठं काय वाटलं? मी येतो माझा मी."

"मी तालुक्याला चाललोय. आता परवाच येईन."

"अहो, जा तुम्ही."

बुधाने बाबांकडे बघितलं होतं. बाबा चुलीत फुंकर घालत राहिले होते.

आता दिगंबर उठला. अंगाऱ्याची पुडी खिशात नीट ठेवली, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कपारीबाहेर आला.

तेवढ्यात वारा सुटला.

धुकं आधी फाटलं, मग सरकलं, मग राहिलंच नाही. कोणी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसं झालं. दिगंबरच्या पायापासून दोन पावलांवर जमीन संपत होती. तिच्यापुढे काही नव्हतं. फार खाली भाताची खाचरं दिसत होती, हिरव्या चिंध्यांसारखी. वाडीची घरं. आणि झाडाखाली एक जांभळा ठिपका.

आईचं लुगडं.

दिगंबर मटकन खाली बसला.

"काय झालं?" आतून बाबांनी विचारलं.

"काही नाही. जरा... दम घेतो."

त्याने दम घेतला. खिशातून फोन काढला, रेंज नव्हती. उन्ह चढायला लागलं होतं आणि ठिपका हलत नव्हता. दिगंबरने स्वतःला बजावलं की याच वाटेने आपण आलो, तीच वाट आहे, तिच्यात काही बदललेलं नाही. मग उठून काठाशी गेला आणि जिना उतरावा तसा, तोंड दरीकडे करून, पहिल्या खोबणीत टाच ठेवली.

दुसऱ्या खोबणीपर्यंत तो पोचला.

तिसरीसाठी पाय खाली सोडला तर पायाला काही लागेना. पाठ कड्याला घासत होती, हाताला धरायला काही नव्हतं आणि डोळ्यांसमोर नुसती पोकळी. खोबणीतलं शेवाळ टाचेखाली सरकलं. केसभरच सरकलं असेल. पण कानांत घुमायला लागलं. आपण ओरडतोय असं त्याला वाटलं. आवाज फुटलाच नव्हता.

वर कसा आला, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. कोपरं सोलली होती, शर्टाचं बटण गेलं होतं आणि तो कपारीच्या तोंडाशी पालथा पडून गवत मुठीत धरून होता.

बाबा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"तोंड कड्याकडं करून उतरायचं असतं, मास्तर."

"मला नाही जमणार."

"हूं."

"बुधाला हाक मारा."

"बुधा गेला तालुक्याला."

"दुसरं कोणी?"

"सगळी खाचरांत असतील. हाक जात नाय एवढ्या लांब."

दिगंबरने मान थोडी उचलून खाली बघितलं आणि पुन्हा गवतात घातली. जांभळा ठिपका आता सावलीत नव्हता. झाडाची सावली सरकली होती, आई सरकली नव्हती. तिथून तिला खोबण्यांची वाट नीट दिसत असणार.

"ती पाणी पिणार नाही हो," तो म्हणाला. "मी गेल्याशिवाय नाही पिणार. तिला चक्कर येते. मला माहितीये तिचं, ती पडेल तिथं पण पिणार नाही."

"मंग उतर."

"नाही उतरता येत!" आणि त्याला रडू आलं. पस्तिशी ओलांडलेला प्राध्यापक, हुंदके देऊन रडला. मग जरा रागावूनच म्हणाला, "तुम्हाला काय कळणार बाबा. तुम्ही सगळं सोडलेलं. तुम्हाला कसली भीती."

वारा बाबांच्या दाढीत शिरत होता.

"मी खाली का उतरत नाय, ठाऊक हाये?"

"व्रत आहे तुमचं."

"लोक म्हणत्यात."

"मग?"

"आम्ही घरबारी गोसावी," बाबा म्हणाले. "मी आन् बायको गावोगाव फिरायचो. ह्या कपारीत शेंदूर लावलेला देवीचा तांदळा हाये, त्याच्या पाया पडावं म्हणून वर आलो. तिला चढ झेपत नव्हता. ती खाली बसली. असंच धुकं होतं."

दिगंबरने मान वर केली.

"तुझ्यासारखाच सरसर आलो. पाया पडलो. मंग धुकं गेलं..."

बाबांनी काठाकडे बोट केलं.

"म्हणलं, जरा टेकू. म्हणलं, उन्ह खाली झालं की उतरू. म्हणलं, उद्या सकाळी उतरू. वाडीतला एक जण भाकरी घेऊन आला. तो म्हणाला, बाबा किती दिवस ऱ्हाणार? तवर मला बाबा कोणी म्हणलं नव्हतं. मी काय बोललोच नाय. दुसऱ्या दिवशी दोघं आले. मंग नारळ आला. मंग कोणीतरी म्हणलं, बाबांचं व्रत हाये." ते स्वतःशीच हसले. "तू म्हणलास ना मघाशी, जनावर पाळत्यात. हा कडा मला भाकरी घालतो, मास्तर. मी खातो."

थोड्या वेळापूर्वी ज्या पायांवर डोकं ठेवलं, त्या पायांकडे दिगंबर बघत होता. टाचा पोरासारख्या मऊ दिसत होत्या.

"आणि... खाली बसल्या होत्या त्या?"

बाबांनी गवताची एक काडी उपटली.

"तिसऱ्या दिवसापर्यंत होती."

"मग?"

"मंग नव्हती."

"कुठं गेल्या?"

"मी वर होतो. मला काय ठाऊक."

खालून घार वर येताना दिसली. तिची पाठ दिसत होती, आणि घारीची पाठ दिसणं दिगंबरला सोसवेना. त्याने डोळे मिटले. मिटल्यावर त्याला जास्तच भीती वाटली, कारण एक विचार मनात येऊन बसला होता. उन्ह खाली झालं की उतरू. हेच तो मघापासून स्वतःशी म्हणत होता. त्याने ते मनातल्या मनात अगदी त्याच शब्दांत म्हटलं होतं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "त्याही याच झाडाखाली बसल्या होत्या का?"

बाबा उठले.

त्यांनी खांद्यावरची छाटी काढून कमरेला आवळली. चिमटा तुळशीपाशी ठेवला. काठापर्यंत चालत गेले, दरीकडे पाठ केली आणि गुडघे टेकले. मग एक पाय मागे, पोकळीत सोडला. तो पाय इतका लटपटत होता की दिगंबरला आपला विसर पडला.

"बाबा, काय करताय? तुम्ही... तुम्हाला भीती वाटतेय."

"व्हय."

"मग कशाला?"

बाबांचा चेहरा कड्याच्या काठावर दिसत होता. रंग उडाला होता. ओठ कोरडे पडले होते. ते एक खोबण खाली सरकले. आता नुसतं कपाळ दिसत होतं. मग तेही दिसेना.

खालून आवाज आला. "पाय दे."

दिगंबर हलला नाही.

"मास्तर, मला इथं फार येळ लटकता यायचं नाय. पाय दे."

तो पोटावर सरकत काठाशी आला. तोंड कड्याकडे केलं. पाय खाली सोडताना त्याने देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आई एवढंच आलं. पाय हवेत चाचपडला. मग त्याच्या घोट्याभोवती पाच बोटं आवळली, पाय थोडा डावीकडे गेला, खाली गेला आणि दगडात बसला.

"आता दुसरा."

दुसराही बसला.

असं ते उतरत राहिले. दिगंबरच्या डोळ्यांसमोर नुसता काळा कातळ होता, त्यावर शेवाळ, त्यातून झिरपणारं पाणी. कातळाला ओल्या मातीचा वास होता. त्याने कपाळ कातळाला टेकलेलंच ठेवलं. प्रत्येक खोबणीला वाटे, ही शेवटची, आता सुटणार. प्रत्येक वेळी घोट्याला ती बोटं लागत. ती थरथरत होती. आधी त्याला वाटलं, आपलाच पाय थरथरतोय. मग लक्षात आलं की दोन्ही.

मध्यावर एकदा बोटं आलीच नाहीत.

दिगंबर एका पायावर लटकून राहिला. खालून जोरजोरात श्वास ऐकू येत होता. एक खडा सुटला, टणटण करत गेला आणि त्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

"बाबा?"

काहीच नाही.

"बाबा... माझा पाय तुम्ही ठेवताय. तुमचा कोण ठेवतंय?"

श्वास जरा शांत झाला.

"बोलू नको," बाबा म्हणाले. "पाय दे."

घोट्याला हात लागला.

नंतर कातळ कोमट झाला. नंतर खालून बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. सादड्याची वरची पानं दिगंबरच्या कानाजवळ सळसळली. एवढं झाल्यावर त्याने पहिल्यांदा काखेतून खाली बघायचं धाडस केलं. जमीन दिसत होती. गवत होतं, त्यात शेळ्यांची पायवाट होती. आणि भरलेला तांब्या, तसाच भरलेला, कडेपर्यंत.

आई उठून उभी राहिली होती. भोवळ येत असावी, एक हात झाडाला होता. ती लेकाकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या खालच्या माणसावर खिळली होती.

"बाबा, झालं," दिगंबर वरून म्हणाला. त्याला हसू येत होतं, रडूही येत होतं. "आली जमीन. एकच पाऊल राहिलंय."

बाबा शेवटच्या खोबणीत उभे होते. त्यांचा एक पाय दगडात होता, दुसरा त्यांनी खाली सोडला होता. गवताच्या वर, वीतभर अंतरावर, तो पाय तसाच लोंबकळत राहिला.

"बाबा?"

त्यांनी कपाळ कातळाला टेकवलं होतं. दोन्ही हातांनी खोबण्या अशा धरल्या होत्या की नखं पांढरी पडली होती. एवढा कडा उतरून आलेला माणूस, लहान पोराने उडी मारावी एवढ्या उंचीवर थिजला होता. त्यांना मागं वळून झाडाखाली बघायचं नव्हतं.

दिगंबरचा हात तिथवर पोचत नव्हता. तो त्यांच्या वर होता. खाली जायला बाबांच्या बाजूने वाट नव्हती. तो नुसता बघत राहिला, आणि आपल्याला काय वाटतंय ते त्याला कळत होतं. त्याला त्या म्हाताऱ्यासाठी भीती वाटत होती. स्वतःसाठी वाटली होती त्याच्याहून जास्त.

आई गवतातून पाय ओढत आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कधी न उतरणारे पाय तिच्यासाठी उतरून आले होते, एवढंच तिला दिसत होतं. गुडघे वाकत नव्हते तरी ती कण्हत खाली बसली. तिने तो लोंबकळणारा पाय दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं.

बाबांच्या अंगातून शहारा गेला. त्यांनी मान वळवली नाही.

"माये," ते कातळाशी बोलल्यासारखं म्हणाले, "सोडू नको... तसाच धर, आन् खाली ठेव."